ट्यूमर मार्करच्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर: आकडा वाचायचा कसा, पडताळायचा कसा?

लाळ_आणि_आरएनए

नमस्कार मंडळी. तोंडाच्या कर्करोगाच्या निदानासाठी लाळेतले मायक्रोआरएनए (जनुकांचं काम नियंत्रित करणारे आरएनएचे छोटे तुकडे), या विषयावरचा आमचा पेपर लिहून तयार आहे. ५० रुग्ण, ५० कंट्रोल, चार लेखक. गाडी अडलीय ती कुठे पाठवायचा यावर. गाईडचं म्हणणं, फक्त कॅन्सर बायोमार्करला (रोगाची खूण दाखवणाऱ्या घटकांना, म्हणजे ट्यूमर मार्करना) वाहिलेल्या जर्नलमध्ये द्या, नेमके वाचणारे तिथेच मिळतात. विभागात मात्र पहिला प्रश्न येतो तो ‘इम्पॅक्ट किती?’ हाच, म्हणजे जर्नलच्या लेखांना सरासरी किती सायटेशन (इतर पेपरांतले हवाले) मिळतात.

घोळ असा, की यादीतल्या एकाच जर्नलचा आकडा एका ठिकाणी तीनच्या आत दिसतो, दुसरीकडे पाचच्या वर आणि तिसरीकडे एकच्याही खाली. तिन्ही संकेतस्थळं चांगली नावाजलेली आहेत. तर प्रश्न असे:

१. यातला खरा इम्पॅक्ट फॅक्टर कोणता, आणि पदोन्नतीच्या गुणांसाठी कोणता धरतात?
२. कॉलेजकडे वेब ऑफ सायन्सची (क्लॅरिव्हेट कंपनीच्या सायटेशन-विदागाराची) वर्गणी नाही. मग हा आकडा स्वतः पडताळून पाहता येतो का?
३. आमच्या संदर्भसूचीत ‘ट्यूमर बायॉलॉजी’ या जर्नलमधले २०१३ ते २०१६ या काळातले सहा पेपर आहेत. हे जर्नल बाद झालंय असं कळलं. नेमकं काय झालं होतं? पेपर ठेवायचे की काढायचे?
४. मार्करच्या पेपरांना सायटेशन उशिरा मिळतात म्हणतात. ते खरं असेल तर लिहितानाच आपल्या हातात काही असतं का?

---

संदर्भ_विभाग

पहिला प्रश्न घेतो. तुम्ही पाहिलेले तिन्ही आकडे बरोबर असणार, फक्त ते तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

तीनच्या आतला आकडा बहुधा क्लॅरिव्हेटचा इम्पॅक्ट फॅक्टर. तो ‘जर्नल सायटेशन रिपोर्ट्स’मध्ये, म्हणजे जेसीआरमध्ये, दर जूनमध्ये जाहीर होतो आणि आदल्या वर्षाचा असतो. २०२४ चा आकडा जून २०२५ मध्ये आला. हिशोब सरळ आहे: २०२२ आणि २०२३ मध्ये छापून आलेल्या मजकुराला २०२४ या एका वर्षात जितकी सायटेशन मिळाली, ती वर. त्या दोन वर्षांत छापलेल्या संशोधन लेखांची आणि रिव्ह्यूंची संख्या खाली.

पाचच्या वरचा आकडा स्कोपस या दुसऱ्या विदागाराचा साइटस्कोअर. हा २०१६ च्या डिसेंबरात आला आणि २०२० मध्ये त्याची रीत बदलली. आता चार वर्षांत छापलेले लेख आणि त्यांना त्याच चार वर्षांत मिळालेली सायटेशन, असा भागाकार करतात. खिडकी मोठी आणि स्कोपसमध्ये जर्नलंही जास्त, त्यामुळे हा आकडा इम्पॅक्ट फॅक्टरपेक्षा बहुतेक वेळा मोठाच येतो. दोन जर्नलांची तुलना करताना एकाचा साइटस्कोअर आणि दुसऱ्याचा इम्पॅक्ट फॅक्टर समोरासमोर ठेवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक.

एकच्या खालचा आकडा सायमॅगोचा एसजेआर असावा. त्यात सायटेशन कुणाकडून आलं याला वजन असतं. मोठ्या जर्नलने दिलेलं एक सायटेशन लहान जर्नलच्या एकापेक्षा जड धरतात. त्याचं मापच वेगळं, म्हणून ‘०.८ म्हणजे हलकं जर्नल’ असा अर्थ काढू नका.

आता भागाकारातली मेख, कारण मार्करच्या जर्नलांना ती नेमकी लागू पडते. खाली मोजतात फक्त लेख आणि रिव्ह्यू. वर मात्र जर्नलच्या नावावर आलेलं प्रत्येक सायटेशन धरतात: संपादकीयाला मिळालेलं, वाचकांच्या पत्राला मिळालेलं, परिषदेच्या पुरवणी अंकातल्या सारांशाला मिळालेलंसुद्धा. म्हणजे सारांश आणि संपादकीयं भरपूर छापणाऱ्या जर्नलचा अंश वाढतो, छेद तसाच राहतो. कोणता मजकूर ‘मोजण्याजोगा’ धरायचा यावर केवढा फरक पडतो याचं उदाहरण ‘प्लॉस मेडिसिन’ने २००६ मध्ये स्वतःच मांडलं होतं. त्यांचा पहिला इम्पॅक्ट फॅक्टर तीनच्या खालीही आला असता आणि अकरापर्यंतही गेला असता.

गुणांचं म्हणाल तर यूजीसीच्या जुलै २०१८ च्या नियमावलीतलं परिशिष्ट २ काढा. त्यातल्या तक्त्यात इम्पॅक्ट फॅक्टर ‘थॉमसन रॉयटर्सच्या यादीप्रमाणे’ असं म्हटलंय. तो व्यवसाय २०१६ मध्येच क्लॅरिव्हेटकडे गेला होता, तेव्हा आज त्याचा अर्थ जेसीआर. साइटस्कोअर, एसजेआर तिथे चालत नाहीत. इम्पॅक्ट फॅक्टरनुसार वाढणाऱ्या गुणांचे पट्टे असे: परीक्षित जर्नल पण इम्पॅक्ट फॅक्टर नाही, ५ गुण, एकच्या खाली, १०, एक ते दोन, १५, दोन ते पाच, २०, पाच ते दहा, २५, दहाच्या वर, ३०. दोनापेक्षा जास्त लेखक असतील तर पहिल्या किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के, बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के. तुमच्या चौघांचा पेपर २.९ च्या जर्नलमध्ये आला तर या पट्ट्यातून पहिल्या लेखकाला १४ गुण, इतरांना ६-६. हाच पेपर ४.८ च्या जर्नलमध्ये आला तरी १४ आणि ६ च. त्यामुळे २.९ सोडून ३.६ च्या मागे धावण्यात गुणांच्या दृष्टीने काहीही हाती लागत नाही. वाचक कुठे आहेत तेच बघा. तरीही विद्यापीठाचं ताजं परिपत्रक हाताशी असू द्या.

यूजीसी-केअर, म्हणजे यूजीसीच्या मान्य जर्नलांच्या, यादीबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षातून चालणारी ती यादी फेब्रुवारी २०२५ पासून बंद आहे. जुन्या फॉर्ममध्ये तो रकाना अजून दिसला तर कार्यालयाला आधी विचारून घ्या.

---

मध्यक

वरच्या प्रतिसादाशी सहमत. दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. हो, वर्गणी नसली तरी पडताळता येतं. फक्त दशांशापर्यंत जुळायची अपेक्षा ठेवू नका.

सगळ्यात आधी जर्नलचा आयएसएसएन (ओळख क्रमांक) घ्या आणि पुढची सगळी शोधाशोध त्याच क्रमांकाने करा. या विषयातली नावं एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की नावाने शोधलं तर भलतंच जर्नल हाती येतं. ‘कॅन्सर बायोमार्कर्स’ वेगळं, ‘बायोमार्कर्स’ वेगळं, ‘डिसीज मार्कर्स’ वेगळं आणि ‘कॅन्सर एपिडेमिऑलॉजी, बायोमार्कर्स अँड प्रिव्हेन्शन’ आणखी वेगळं. शेवटच्याचा क्रमांक १०५५-९९६५. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीचे क्रमांक दोन असतात, दोन्ही टिपून ठेवा.

मग क्लॅरिव्हेटच्या ‘मास्टर जर्नल लिस्ट’वर जा. मोफत खातं उघडलं की पुरतं. जर्नल एससीआयईमध्ये (विज्ञानाच्या मुख्य सूचीत) आहे की ईएससीआयमध्ये (उदयोन्मुख जर्नलांच्या सूचीत), ते तिथे दिसतं. २०२३ च्या जेसीआरपासून ईएससीआयमधल्या जर्नलांनाही इम्पॅक्ट फॅक्टर मिळतो आणि आकडा एकाच दशांशापर्यंत देतात. म्हणून एखादं जर्नल आज ‘३.४१२’ असा ताजा इम्पॅक्ट फॅक्टर मिरवत असेल तर तो आकडा एक तर जुना, नाही तर जेसीआरचा नाहीच. ‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’ असली विशेषणं पुढे लावलेले इम्पॅक्ट फॅक्टर पैसे भरून मिळतात. ते पाहिले की ते पान बंदच करा.

तिसरी जागा सायमॅगो. इथे जर्नलच्या पानावर खाली स्क्रोल केलं की ‘सायटेशन प्रति दस्तऐवज, दोन वर्षं’ अशी एक रेघ मिळते. रीत इम्पॅक्ट फॅक्टरचीच, विदा (डेटा) मात्र स्कोपसचा. शेजारीच स्व-सायटेशनचा आलेख असतो, आणि एकही सायटेशन न मिळालेल्या लेखांचाही. माझ्या मते हा शेवटचा आलेख मुख्य आकड्यापेक्षा जास्त बोलका आहे. स्कोपसचं ‘सोर्सेस’ पानही वर्गणीशिवाय उघडतं आणि साइटस्कोअरचा अंश आणि छेद दोन्ही उघड दाखवतं.

स्वतः मोजायचंच असेल तर ओपनॲलेक्स हे मोफत विदागार वापरा. आयएसएसएनने जर्नल निवडा, प्रकाशन वर्षं दोन लावा, लेख आणि रिव्ह्यू एवढेच ठेवा आणि यादी उतरवून घ्या. इथे हमखास होणारी चूक: यादीत दिसणारी सायटेशन संख्या आजपर्यंतची एकूण असते. तीच भागून टाकली तर उत्तर दुप्पट-तिप्पट फुगतं. प्रत्येक लेखाची वर्षवार फोड वेगळी दिलेली असते. तिच्यातलं हवं ते एकच वर्ष उचला आणि त्याची बेरीज करा. दुसरी अडचण प्रकारांची. पत्र, संपादकीय, शुद्धिपत्र यांनाही तिथे कधी कधी ‘लेख’ म्हणून शिक्का बसलेला असतो. दोन पानांहून लहान नोंदी हाताने तपासा.

नुसता भागाकार करून थांबू नका. त्याच यादीवरून मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढा. का, ते एका मानीव उदाहरणावर बघा. समजा एका जर्नलने दोन वर्षांत २०० लेख छापले आणि पुढच्या वर्षी ५८० सायटेशन मिळाली. भागाकार २.९. आता समजा त्यात १४ रिव्ह्यू आणि एक मार्गदर्शक निवेदन आहे, आणि या पंधरांनीच २३० सायटेशन खेचलीत. ते बाजूला काढा: उरलेल्या १८५ लेखांना ३५०, म्हणजे १.९. आणि त्या १८५ मध्येही निम्म्याहून अधिक लेखांना एक किंवा शून्य असू शकतं. तुमचा पेपर त्या १८५ मध्ये जाणार आहे, पंधरांत नाही.

हे काही एखाद्या जर्नलचं दुखणं नाही, सगळीकडचं आहे. अकरा जर्नलांची सायटेशन-विभागणी २०१६ मध्ये मांडली गेली, तेव्हा ६५ ते ७५ टक्के लेखांना जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरपेक्षा कमी सायटेशन होती. टोकाची उदाहरणं तर थक्क करतात. ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’चा आकडा २ च्या आसपासचा, तो २००९ मध्ये एकदम ४९.९२६ झाला. कारण एकच: शेल्ड्रिक यांचा शेलएक्स या सॉफ्टवेअरवरचा २००८ चा लेख. कर्करोगाच्या क्षेत्रात ‘सीए’ या जर्नलचा २०२० चा आकडा ५०८.७०२ होता, कारण अमेरिकेतल्या आणि जगभरातल्या कर्करोगाची आकडेवारी तिथे छापून येते आणि कर्करोगावरचा जवळपास प्रत्येक पेपर पहिल्या ओळीत तिचाच हवाला देतो.

लहान जर्नलबद्दल एक सावधगिरी. दोन वर्षांत ८० लेख छापणाऱ्या जर्नलमध्ये एकाच लेखाला ८० सायटेशन मिळाली तर आकडा पूर्ण १ ने चढतो आणि दोन वर्षांनी तितकाच उतरतो. म्हणून एका वर्षाचा आकडा कधीच बघू नका, पाच वर्षांची रेघ बघा. रेघ वाचताना २०२० आणि २०२१ चे फुगवटे सोडून द्या. कोविडवरच्या लेखांचा पूर आला होता आणि त्याच सुमारास छपाईआधी ऑनलाइन आलेल्या लेखांची सायटेशनही जेसीआरने धरायला सुरुवात केली. त्यानंतरची घसरण बहुतेक जर्नलांत दिसते, ती त्यांची अधोगती नव्हे.

---

विकृतिशास्त्र_मिरज

‘ट्यूमर बायॉलॉजी’बद्दल नीट समजून घ्या, कारण या क्षेत्रातला हा सगळ्यात मोठा धडा आहे.

हे जर्नल ‘इंटरनॅशनल सोसायटी ऑफ ऑन्कॉलॉजी अँड बायोमार्कर्स’ या संस्थेचं. संस्था जुनी, जाणकारांची. २०१६ च्या अखेरीपर्यंत ते स्प्रिंगरकडे होतं, मग सेजकडे गेलं. एप्रिल २०१७ मध्ये स्प्रिंगरने २०१२ ते २०१६ या काळातले १०७ पेपर एका दमात मागे घेतले. कारण बनावट परीक्षण. लेखकाला परीक्षक सुचवायची सोय होती. सुचवलेली नावं खऱ्या शास्त्रज्ञांची, त्यापुढचे ईमेल पत्ते मात्र खोटे. परीक्षणाची विनंती त्या पत्त्यावर जायची आणि लेखकाच्या बाजूचाच कुणी तरी स्तुतीचं परीक्षण लिहून पाठवायचा. भाषा सुधारून देणाऱ्या मध्यस्थ एजन्सींचा यातला सहभागही पुढे आला. त्याच वर्षी क्लॅरिव्हेटने जर्नलला यादीतून काढलं आणि इम्पॅक्ट फॅक्टर गेला.

माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की तोपर्यंत आकड्यावरून कुणालाही काही कळत नव्हतं. मागे घेतले गेलेले पेपरही तोवर छेदात होते आणि त्यांची सायटेशन अंशात. बनावट परीक्षणाने आलेल्या पेपरला सायटेशन मिळत नाहीत असं थोडंच आहे? उलट एखाद्या लाँग नॉनकोडिंग आरएनएवर एका साच्यातले दहा पेपर आले की ते एकमेकांना सायटेशन देतात आणि आकडा वर जातो. २०२५ च्या जेसीआरपासून मागे घेतलेल्या पेपरांना मिळालेली आणि त्यांनी दिलेली सायटेशन अंशातून वगळतात, ते पेपर छेदात मात्र राहतात. ही सुधारणा फार आधी व्हायला हवी होती.

यादीतून काढणं हा प्रकार त्यानंतरही थांबलेला नाही. मार्च २०२३ मध्ये पन्नासहून जास्त जर्नलं एकदम गेली, त्यात हिंदावीची १९ होती. तेव्हा पेपर पाठवायच्या दिवशी आणि स्वीकृतीनंतर पैसे भरायच्या दिवशी, दोन्ही वेळा मास्टर लिस्ट तपासा. मधल्या काळात जर्नल गळालेलं असू शकतं.

आता तुमचे सहा पेपर. जर्नल यादीतून गेलं म्हणजे त्यातला प्रत्येक पेपर बाद, असं अजिबात नाही. तिथे प्रामाणिक काम केलेल्यांवर तो अन्याय होईल. एकेका पेपरचा डीओआय (कायमचा ऑनलाइन क्रमांक) घेऊन ‘रिट्रॅक्शन वॉच’च्या विदागारात टाका. सप्टेंबर २०२३ पासून ते क्रॉसरेफकडे आहे आणि सगळ्यांना मोफत. संदर्भ जपायला झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याच विदागारावरून मागे घेतलेल्या पेपरपुढे लाल पट्टी आपोआप येते. मागे घेतलेला निघाला तर काढून टाका. त्याचा उल्लेख करणं भागच असेल तर वाक्यातच ‘मागे घेतलेला’ असं लिहा.

जे उरतील ते डोळ्यांखालून घाला. मायक्रोआरएनएचा पेपर असेल तर प्रायमरचा (जनुक मोजायला वापरलेल्या छोट्या डीएनए तुकड्याचा) क्रम उचलून ब्लास्ट या जनुकक्रम शोधणाऱ्या साधनात टाका आणि तो सांगितलेल्या जनुकावर खरंच बसतो का बघा. परिपक्व मायक्रोआरएनएचा क्रम मिरबेस या मायक्रोआरएनएच्या विदागाराशी ताडून बघा. दहा मिनिटांचं काम आहे. चुकीचे क्रम हे पेपर गिरण्यांच्या (पैसे घेऊन बनावट पेपर बनवणाऱ्यांच्या) मालाचं ठळक लक्षण आहे, सिडनीच्या जेनिफर बर्न आणि फ्रान्सच्या सिरिल लाबे यांनी तर खास यासाठी ‘सीक अँड ब्लास्टएन’ हे साधन तयार केलं. मग वेस्टर्न ब्लॉटच्या पट्ट्या बघा, रुग्णसंख्या गोषवाऱ्यात आणि तक्त्यात एकच आहे का ते बघा. यात टिकलेला पेपर बिनदिक्कत ठेवा.

---

दोन_बाय_दोन

चौथा प्रश्न राहिलाय. माझ्या मते या धाग्यातला खरा उपयोगाचा तोच.

उशीर होतो हे खरं. इम्पॅक्ट फॅक्टरची खिडकी दोन वर्षांची आणि मार्करचा प्रवास दशकाचा. प्रोस्टेटच्या पीसीए३ चंच बघा. हे जनुक ‘डीडी३’ या नावाने १९९९ मध्ये वर्णन केलं गेलं आणि त्यावरच्या लघवीच्या चाचणीला अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी मिळाली २०१२ मध्ये. मार्गारेट पेपे आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये लवकर निदानाच्या मार्करचे पाच टप्पे मांडले. पहिल्या टप्प्यातला ‘नवा मार्कर सापडला’ असा पेपर पटकन सायटेशन खेचतो. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातलं पडताळणीचं काम कष्टाचं, पैसे खाणारं, आणि त्याला सायटेशन येतात ती सावकाश, पण बरीच वर्षं येत राहतात. म्हणून जेसीआरमध्ये पाहायला मिळालं तर जर्नलचं ‘साइटेड हाफ-लाइफ’ (त्या वर्षी सायटेशन मिळालेल्या लेखांचं मध्यक वय) बघा. ते लांब असेल तर तिथले जुने पेपर अजून वाचले जातात असं समजा.

पण भरपूर सायटेशन म्हणजे मार्कर खरा, ही समजूत काढून टाका. इओआनिडिस आणि पानायिओटू यांनी २०११ मध्ये ‘जामा’त ३५ गाजलेले मार्कर-संबंध तपासले. प्रत्येकाच्या मूळ पेपरला ४०० हून जास्त सायटेशन. त्यातल्या ३० बाबतीत गाजलेल्या पेपरमधला परिणाम त्याच विषयावरच्या सर्वात मोठ्या अभ्यासापेक्षा जास्त निघाला, आणि २९ बाबतीत मेटा-ॲनालिसिसपेक्षा (अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षापेक्षा) जास्त. लोक हवाला देत राहिले तो पहिल्याच, फुगलेल्या आकड्याचा.

आपल्या हातात काय आहे? पेपर मेटा-ॲनालिसिसमध्ये घेण्याजोगा लिहिणं. या क्षेत्रात टिकाऊ सायटेशन तिथूनच येतात, आणि चांगले पेपर तिथेच गळतात. निदानाच्या मेटा-ॲनालिसिससाठी चार आकडे लागतात: मार्कर पॉझिटिव्ह रुग्ण, निगेटिव्ह रुग्ण, पॉझिटिव्ह कंट्रोल, निगेटिव्ह कंट्रोल. तुमच्या ५० आणि ५० मध्ये समजा संवेदनशीलता (रुग्णांतले पॉझिटिव्ह) ८४ टक्के आणि विशिष्टता (कंट्रोलमधले निगेटिव्ह) ७८ टक्के आली, तर ते चार आकडे ४२, ८, ११ आणि ३९. हे तक्त्यात छापा. बहुतेक जण काय करतात? आरओसी वक्र (प्रत्येक कट-ऑफला चाचणी किती अचूक ते दाखवणारा आलेख), एयूसी (त्याखालचं क्षेत्रफळ), पी-मूल्य देतात आणि कट-ऑफ (पॉझिटिव्ह ठरवायची सीमा) कुठला धरला तेच लिहीत नाहीत. किंवा १०० नमुन्यांपैकी सात खराब निघाले म्हणून वगळतात, पण कुठल्या गटातून ते सांगत नाहीत. मग चार आकडे उलटे काढता येत नाहीत आणि पेपर ‘विदा अपुरा’ म्हणून बाजूला पडतो.

कट-ऑफ आधी ठरवला होता की त्याच नमुन्यांवरून सोयीचा निवडला, हेही स्पष्ट लिहा. त्याच नमुन्यांवरून निवडला असेल तर ८४ टक्के हा आकडा पुढच्या गटात सहसा खाली येतो. क्वाडास-२ (निदान-अभ्यासांची गुणवत्ता तपासायचं साधन) वापरून गुणवत्ता तपासणारा नेमका हाच प्रश्न विचारतो, आणि खरं लिहिलेल्या पेपरला तो निदान समजून तरी घेतो.

लाळेचं म्हणून वेगळं सांगतो: गोळा करण्याची वेळ, खाण्यापिण्यानंतर किती वेळ थांबलात, सेंट्रिफ्यूजचा वेग ‘जी’मध्ये (आरपीएममध्ये दिला तर रोटर कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही), गोठवेपर्यंतचा वेळ, आणि नॉर्मलायझेशनसाठी (मोजमापाला आधार म्हणून) कुठला आरएनए वापरला ते. लाळेत रक्त मिसळलं असेल तर तांबड्या पेशींतून येणारे मायक्रोआरएनए-१६ आणि ४५१ वाढतात. मायक्रोआरएनए-१६ लाच आधार धरून बाकीचे मोजले असतील तर सगळा हिशोब कलतो. आणि तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांत जखमेतून रक्त येणं हे कंट्रोलपेक्षा जास्त असणारच. कच्ची सीटी मूल्यं (पीसीआर यंत्राने दिलेले मूळ आकडे) पुरवणी तक्त्यात द्या, कुणाला वेगळ्या आधाराने पुन्हा मोजता येतात.

निदानाच्या पेपरला स्टार्ड २०१५ ची यादी (पेपरमध्ये काय काय लिहायलाच हवं ते सांगणारी) जोडा. रीमार्क ही २००५ ची यादी रोगनिदानोत्तर भविष्य सांगणाऱ्या मार्करसाठी आहे. दोन्हींची गल्लत झालेली दिसते.

---

लाळ_आणि_आरएनए

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा पेपरांपैकी एक मागे घेतलेला निघाला, तो काढला. उरलेल्या पाचांतल्या एकाचा प्रायमर भलत्याच जनुकावर बसतोय, म्हणून तोही काढतेय. आमच्या नमुन्यांतही चार वगळले होते, तीन रुग्ण गटातले आणि एक कंट्रोल, हे पेपरमध्ये कुठेच नव्हतं. आता तक्ता ४७ आणि ४९ वर नव्याने मांडतेय.

दोन शंका. ओपनॲलेक्सवर मोजलं तर आकडा जेसीआरपेक्षा जास्त येतोय. मला उलट अपेक्षा होती. आणि एकच जर्नल एका ठिकाणी क्यू१ (पहिला, सगळ्यात वरचा चतुर्थांश), दुसऱ्या ठिकाणी क्यू२ कसं?

---

मध्यक

जास्त येऊ शकतो. ओपनॲलेक्स प्रीप्रिंट (परीक्षणाआधी ऑनलाइन टाकलेले पेपर), प्रबंध, यादीबाहेरची जर्नलं, सगळ्यांकडून आलेली सायटेशन मोजतं. जेसीआर फक्त स्वतःच्या मुख्य संग्रहातली. उलट दिशेला ओढणारी गोष्टही आहे. जेसीआर संदर्भसूचीतलं जर्नलचं नाव आणि वर्ष जुळलं की सायटेशन धरतं, खंड किंवा पान चुकलेलं असलं तरी. ओपनॲलेक्सला नेमका लेख जुळावा लागतो. पहिला परिणाम सहसा मोठा. दहा-पंधरा टक्क्यांचा फरक आला तर चिंता नको. निम्मा किंवा दुप्पट आला तर वर्षवार फोड पुन्हा तपासा.

क्वार्टाइलचं म्हणाल तर ते वर्गावर ठरतं. ‘कॅन्सर एपिडेमिऑलॉजी, बायोमार्कर्स अँड प्रिव्हेन्शन’ जेसीआरमध्ये ऑन्कॉलॉजी आणि सार्वजनिक आरोग्य अशा दोन वर्गांत बसतं. ऑन्कॉलॉजीत स्पर्धक प्रचंड आकड्यांचे, सार्वजनिक आरोग्यात तुलनेने कमी. तोच आकडा पहिल्या वर्गात खालच्या पायरीवर आणि दुसऱ्यात वरच्या पायरीवर असू शकतो. सायमॅगोचं क्यू१ आणखी वेगळं, कारण ते एसजेआरवरून काढतात आणि त्यांचे वर्गही निराळे.

---

संदर्भ_विभाग

एक जोडतो. अर्जात लिहिताना ‘इम्पॅक्ट फॅक्टर २.९’ एवढंच लिहू नका. ‘२०२४ चा, जेसीआर जून २०२५, वर्ग ऑन्कॉलॉजी, क्यू२’ असं पूर्ण लिहा. पेपर छापून येईल त्या वर्षाचा आकडा तेव्हा जाहीर झालेला नसतो, तो पुढच्या जूनमध्ये येतो. तुमचं विद्यापीठ छपाईच्या वर्षाचा धरतं की अर्जाच्या वेळी उपलब्ध असलेला, ते लेखी विचारून घ्या.

आणि पान आजच पीडीएफ करून ठेवा. जर्नल पुढे यादीतून गेलं तरी आधी घेतलेले पेपर वेब ऑफ सायन्समध्ये राहतात, पण पाच वर्षांनी समितीसमोर त्या वर्षाचा आकडा दाखवायला कागद लागतो. पीडीएफ करताना ब्राउझरच्या छपाईच्या पर्यायांत शीर्षलेख आणि तळलेख (हेडर-फूटर) चालू ठेवा. पत्ता आणि तारीख तिथेच उमटते.